तांदळावरचं नाव

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात थांबून लतिकाने मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी दडपली. लग्न झालेल्या बाईला ही कंपनी घेत नसे. मॅट्रिकचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं होतं, मालन दत्ताराम तावडे, तेवढंच बरं. नवरा रमाकांत संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आत गेला, पाठोपाठ त्याची नोकरीही गेली. ठाकूरद्वारच्या खोलीत आता ती आणि सासूबाई. घोषणांनी पोट थोडंच भरतं!

मॅनेजरसाहेबांनी सर्टिफिकेट बाजूला सारलं.

"लग्न ठरलंय?"

"नाही."

"पंचविशी आली की! पत्रिकेत मंगळ आहे, की काही भानगड?"

असल्या प्रश्नाला काय सांगायचं, कपाळ? लतिकाने पदर घट्ट धरला.

"टायपिंगचा स्पीड पंचेचाळीस आहे, साहेब."

"ते कळेलच. घरातलं कोणी मोर्चेबिर्चे काढतं?"

"नाही," ती म्हणाली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

परीक्षा म्हणून साहेबांनी मजकूर सांगितला, तिने टाइप केला. माझे लग्न होत असल्याने मी नोकरीचा राजीनामा देत आहे. तारखेची जागा कोरी.

"खाली सही कर. लग्न केलंस की तारीख आम्ही घालू. इथे सगळ्या मुलींकडून घेतो."

फोन वाजला, साहेब तिकडे वळले. लतिकाने टाक उचलला. दर आठवड्याला तुरुंगात धाडायच्या पत्राखाली जी सही करायची, तीच हाताने केली. लतिका. लग्नात रमाकांतने अंगठीने तांदळावर लिहिलेलं नाव.

चूक तिच्या लक्षात आली. फोन ठेवून साहेबांनी कागदासाठी हात पुढे केला.

शेजारच्या टेबलावरून मिस आजगावकर उठल्या. केस अर्धे पिकलेले, पण सगळं ऑफिस त्यांना मिसच म्हणे. त्यांचा हात लागला आणि दौत कागदावर कलंडली.

"अगो बाई, सांडली की! दुसरा टाइप करून घेते हिच्याकडून, साहेब."

"वेंधळ्या झालात हल्ली," साहेब करवादले.

दुसऱ्या कागदावर मालनने सही केली.

"सोमवारपासून ये," साहेब म्हणाले.

बाहेर पॅसेजमध्ये मिस आजगावकर बोटांची शाई पुसत होत्या.

"माहेरची सही घरी गिरव. शंभरदा गिरव."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्याही कागदावर शाई सांडली होती. सांडणारी मागच्या साली रिटायर झाली."

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं.

"माझा थोरला यंदा मॅट्रिकला बसलाय."