धक्क्यावरचा तराजू

घरातला गूळ संपला की खारशेतच्या बाईला आधी चंद्र आठवायचा. आज तिथ कोणती, भरती कधी, आणि भिकूची तर, म्हणजे उतारूंची होडी, खाडीपार कधी सुटणार? कारण गूळ पलीकडच्या बाजारात. बाजारात गूळ एका दुकानी, तेल दुसऱ्या दुकानी, सुंठ-ओवा काष्ठौषधीवाल्याकडे, आणि वातीला कापूस हवा तर पार वरच्या आळीत. बाई सकाळी निघायची ती संध्याकाळी यायची, पायाला चिखल आणि डोक्याला ताप घेऊन. त्यात नुकताच शेर जाऊन किलो आला होता. बाजारवाल्यांनी दोन्हींचा मान राखला होता : भाव किलोचा घ्यायचे, माप शेराचं द्यायचे.

आता वाचकहो, तुम्ही विचाराल, गावात दुकान नव्हतं का? होतं. खारशेतच्या धक्क्यावर, बांधाच्या टोकाला, शिवदास वाण्याचं दुकान होतं, आणि त्यात डिंकापासून दोरखंडापर्यंत सगळं एका छपराखाली मिळत होतं. भाव बाजारापेक्षा कमी, माप चढतं. पण दीड वर्षापूर्वी शिवदास माल आणायला गेला आणि येताना खाडीच्या मुखाशी मचवा उलटला. पोती वाहून आली, शिवदास आला नाही. मागे त्याची बायको नीराबाई दुकानात बसू लागली आणि गावानं दुकानाकडे पाठ फिरवली.

उघड कारण असं, की पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातून हळद-कुंकू, नारळ, गूळ कसा घ्यायचा? आणि दबकं कारण असं, की शिवदास गेलाच नाही. तिन्हीसांजेला फळ्या लागलेल्या दुकानातून तराजूचा आवाज येतो. खण्. मग थोडं थांबून पुन्हा खण्. बुडालेला वाणी अजून माल जोखतो आहे.

हा आवाज पहिल्यांदा ऐकला आवडाबाईनं. मिठागरावरून परतताना ऐकला आणि विहिरीवर सांगितला. पहिल्या दिवशी नुसता आवाज होता. आठवडाभरात त्याला ओल्या पावलांचा वास लागला. महिन्याभरात शिवदास हाक मारायला लागला. आवडाबाई खोटारडी नव्हती. पण विहिरीवर बायका कळशा बाजूला ठेवून ऐकू लागल्या, की माणसाच्या जिभेला आपोआप चढतं माप येतं.

खरं तर दुकानात एक जिवंत बाई बसते, तिला दोन हात आहेत, तीही तराजू धरू शकेल, हे कुणाच्या मनात आलंच नसेल असं नाही. पण भूत सोयीचं असतं. त्याच्या घरी समाचाराला जावं लागत नाही.

माघातली गोष्ट. आवडाबाईचा मुलगा अनंता मुंबईला गिरणीत, घरी सून नलू, पोटुशी. दिवस भरायला अजून अवकाश होता. बाळंतिणीचं सामान आधी भरून ठेवणं अपशकुनाचं, म्हणून घरात ना सुंठ, ना शेप, ना मूठभर डिंक. आणि नलूला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दुपार कलताना रंगूआक्का सुइणीनं एक किडकिडीत मुलगा काढून सुपात ठेवला. पोर रडलं. पण नलू गारठली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात.

“आवडे,” रंगूआक्का म्हणाली, “सुंठ, गूळ, ओवा, तूप. काढा पोटात गेला पायजे आणि शेकाला धुरी पायजे. आत्ताच. उद्याची गोष्ट न्हाय करायची.”

आवडाबाई धावत धक्क्यावर गेली. खाडी नव्हतीच. पूर्ण ओहोटी. नजर जाईल तिथवर काळा चिखल, त्यात तिवरांची उघडी मुळं, आणि मधोमध कलंडलेली तर. भिकू डोलकाठीशी पाय पसरून बसला होता.

“भिकू, मला पलीकडं सोड रं.”

“कशी सोडू, वैनी? खांद्यावर घेऊन? तर चिखलात बसलीय. भरती येईल तवा उठेल. तोवर बाजार झोपंल.”

“माझी सून गारठलीय.”

भिकूचं हसू गेलं. त्यानं बांधाच्या टोकाकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. आवडाबाईलाही कळलं तो कुठं पाहत होता ते.

ती घरी परतली. शेजारणींकडून चिमूटभर ओवा मिळाला, बाकी सगळ्यांचे डबे बाजाराची वाट पाहत होते. रंगूआक्का नलूचे तळवे चोळत होती.

“धक्क्यावर नीरीचं दुकान हाय,” ती मान वर न करता म्हणाली.

“आक्का, काय बोलतेस? बाळंतिणीच्या तोंडात विधवेच्या हातचा गूळ?”

आता रंगूआक्कानं मान वर केली. “मी कोण गं?”

“म्हंजे?”

“माझा घोव मेला तवा तुझं लगीनसुदीक झालं नव्हतं. तुझा अनंता ह्याच हातांनी काढला. आज त्याचा पोरगा काढला. ह्या गावात जन्मलेल्या दर पोराला पयला हात रांडवेचा लागतो, तवा विटाळ न्हाय. आणि गुळाच्या ढेपंला लागला की विटाळ?”

“तुझी गोष्ट येगळी.”

“व्हय, येगळीच. माझ्यावाचून तुमचं अडतं. तिच्यावाचून अडत न्हाय, असं तुम्हांला वाटत होतं. आज अडलंय.”

आवडाबाई नलूच्या उशाशी बसली. मग हळूच म्हणाली, “आणि तो तराजू?”

“तू ऐकलास ना? मग तूच जाऊन बघ. मला इथून उठता येत न्हाय.”

गोधडीखालून नलूचा कण्हण्याचा आवाज आला, आणि आवडाबाई उठली.

बांधावर वारं नव्हतं. सुरूची झाडं उभी होती तशी उभी. एका बाजूला मिठागरं राखाडी पडत चालली होती, दुसऱ्या बाजूला चिखलातून बुडबुडे फुटत होते, कुणी खाली दडून श्वास सोडतं आहे तसे. आवडाबाईनं विहिरीवर सांगितलेली प्रत्येक गोष्ट आता तिला एकटीला गाठून भेटत होती. ओल्या पावलांचा वास तिनंच लावला होता. तो येत होता. हाक तिनंच जोडली होती. ती हाक कधी येईल म्हणून तिचे कान टवकारले होते.

दुकानाच्या फळ्या लागलेल्या, फक्त एक सरकवलेली. आत अंधार. ती पोहोचली आणि आतून आवाज आला.

खण्.

मग पोत्यात माप घातल्याची सळसळ. आणि पुन्हा, खण्. आणि मग, घोगऱ्या, न वापरलेल्या गळ्यातून आलेली हाक :

“आवडाबाई.”

वाचकहो, पळून जायला तिला कुणी अडवलं नव्हतं. पण पळून जायचं तर घरी, आणि घरी नलू होती. आवडाबाईनं डोळे मिटून “व्हय” म्हटलं.

आत काहीतरी खाली पडलं. घरंगळत एक वजन फळीशी आलं. पाठोपाठ रॉकेलची चिमणी घेऊन एक चेहरा आला. दीड वर्षात तो चेहरा तिनं धड पाहिलाच नव्हता. नीराबाई तिच्याहून जास्त घाबरली होती.

“तू... तू मला हाक मारलीस?” आवडाबाईनं विचारलं.

“न्हाय, वैनी. मी तुमच्या घरचं जोखत होते. नाव घेऊन जोखलं की ध्यानात राहतं.”

“माझ्या घरचं? मी कुठं काय मागितलं?”

नीराबाईनं चिमणी मागे धरली. खाली सुपं मांडलेली होती, ओळीनं. “हे तुळशीरामभावजींचं. हे सोनूबाईचं, त्यांना डाळ कमी, चहा जास्त. आमचे हे गेले तेव्हा शेर होते. नंतर मी किलोची वजनं आणली. कुणी आलं आणि माझा हात चुकला तर म्हणतील, बाईला माप जमत न्हाय. म्हणून रोज संध्याकाळी एकेका घराचं शेराचं किलोत जोखते. मग परत पोत्यात ओतते. कडधान्यालाही वारा लागतो, कीड धरत न्हाय.”

“रोज?”

“दिवसा करायची लाज वाटते. रिकाम्या दुकानात वजन करणारी बाई बघून लोक हसतील.”

लोक हसले नव्हते. लोक घाबरले होते. आणि ज्या दुकानात दीड वर्ष गिऱ्हाईक नाही, तिथं भूत माल जोखतं ते कुणासाठी, एवढा साधा हिशेब साऱ्या गावात कुणी केला नव्हता.

शेवटच्या सुपाकडे आवडाबाईची नजर गेली. सुंठ, शेप, ओवा, डिंक, गुळाचा खडा, तुपाची बुधली.

“हे नलूचं,” नीराबाई ओशाळून म्हणाली. “बांधावरून जाताना दिसायची. रंगूआक्का बोलल्या, दिवस जवळ आलेत. तुम्ही घेणार न्हाय, ठाऊक हाय मला. नुसतं जोखलं.”

“ती बाळंत झाली. दुपारी. गारठलीय.”

नीराबाईनं चिमणी फळीवर टेकवली. भराभर पुड्या बांधल्या आणि सवयीनं फळीवर ठेवून दोन पावलं मागं सरली, गिऱ्हाइकाला हात लागू नये म्हणून. ते मागं सरणं आवडाबाईला तराजूच्या आवाजाहून भयंकर वाटलं. ते तिला कुणी शिकवलं होतं?

तिनं फळीवरच्या पुड्या उचलल्या नाहीत. पदर पसरला.

“हातानं घाल.”

“वैनी, तिन्हीसांजेची वेळ हाय. लेकुरवाळीचा पदर हाय. लोक काय म्हणतील?”

“लोकांना मीच सांगत आले इतके दिवस. उद्या दुसरं सांगीन. घाल.”

नीराबाई पुढं आली. पदरात गूळ पडला, सुंठ पडली, आणि गुळाबरोबर तिच्या डोळ्यातला एक थेंबही. पैसे देताना आवडाबाई चमकली. बाजारात एवढ्यात नुसता गूळ आला असता.

रात्री काढा झाला, धुरी झाली. नलूचे दात वाजायचे थांबले, आणि पोर पहिल्यांदा छातीशी लागलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आवडाबाई स्वतःहून म्हणाली, “काल मी दुकानातलं भूत बघितलं.”

कळशा बाजूला झाल्या. “कसं दिसतं गं?” सोनूबाईनं विचारलं.

“जित्या बाईसारखं. तुझ्या घरची डाळ जोखत होतं. तुला चहा जास्त लागतो, ते त्याला ठाऊक हाय. माझ्या सुनेला त्यानं वाचवलं. मेलेला माणूस भूत होतो की न्हाय, मला ठाऊक न्हाय. पण जित्या माणसाचं भूत करता येतं. मी केलं. तुम्ही पाणी भरता भरता हातभार लावलात.”

सोनूबाई कळशी न भरताच बांधाकडे निघाली.

पाचवीच्या दिवशी आवडाबाईनं पूजेचं सारं सामान नीराबाईकडून आणलं आणि तिलाही पाटावर बसवलं. कुरकुर झाली. पण कुरकुरणाऱ्यांच्याही घरी गूळ संपत होता, आणि त्या दिवशीही ओहोटी होती.

तर बंधुभगिनींनो, हिशेब असा मांडावा. दाराशी प्रामाणिक मापाचं, रास्त भावाचं, सगळं एका जागी देणारं दुकान असताना जो रूढीपायी खाडीपार जातो, तो तरीचं भाडं देतो, खोटं माप घेतो, आणि वर एका माणसाला जिवंतपणी गाडतो. विधवेच्या हातानं धान्य विटाळत नाही. विटाळतं ते आपलं मन, आणि त्याची कीड कुठल्याही वाऱ्यानं जात नाही.

दुकानाच्या सगळ्या फळ्या आता दिवसभर उघड्या असतात. तिन्हीसांजेला तराजू अजून वाजतो, गिऱ्हाइकं असतात म्हणून. गावाला तो आवाज ऐकू येईनासा झाला आहे. फक्त आवडाबाई मिठागरावरून परतताना बांधावर क्षणभर थांबते. आतून कुणीतरी, आपलं म्हणायला कुणी नसताना, तिच्या घरचं नाव घेत होतं, किती संध्याकाळी, ते तिला आठवतं. आणि मग काही घ्यायचं नसलं तरी ती आत डोकावते, आणि आपणच आधी हाक मारते : “नीराबाई.”