दहावी फाइल

वाचा-उपचार केंद्राच्या तिसऱ्या खोलीत ती सकाळी नऊपासून विंडोजच्या संगणकाशी भांडत होती, आणि तिच्याशी भांडून आजवर कुणीच टिकलेलं नसल्यामुळे हाही तासाभरात वठणीवर येईल, अशी तिची खात्री होती. केंद्रातली सगळी यंत्रं, वायरी, सॉफ्टवेअर तिच्या ताब्यात. काम चोख, जीभ त्याहून तिखट. तिच्या टेबलावरून जाताना लोक पावलांचा आवाजसुद्धा होऊ देत नसत.

आज बसवायचं होतं ते पायथन या संगणकभाषेतलं एक पॅकेज, म्हणजे छोटा प्रोग्राम. त्याचं नाव 'कान'. वाचा गेलेला माणूस माइकसमोर जो काही क्षीण आवाज काढेल तो हे पॅकेज टिपायचं आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी वर चढवायचं. आपला आवाज निदान डोळ्यांना दिसतोय म्हटल्यावर माणसाला धीर यायचा. ते लिहिलं होतं पूर्वी इथेच नोकरीला असलेल्या मास्तरांनी. वरचं अंग पायथनचं, पण आवाज पकडणारा गाभा सी भाषेतला, आणि तो ज्या त्या यंत्रावर नव्याने बांधून घ्यावा लागे. मास्तरांनी तो फक्त आपल्या लिनक्स प्रणालीच्या लॅपटॉपवर बांधला, आठ महिन्यांपूर्वी लॅपटॉप इथेच ठेवून नोकरी सोडली, आणि परवा त्या लॅपटॉपने मान टाकली. बाकी सगळं केंद्र विंडोजवर.

"माझ्याकडे चालतं म्हणे!" ती दात-ओठ खात पुटपुटली. "जगात हा एकटाच राहतो जणू."

बाहेरच्या बाकावर एक निवृत्त बस कंडक्टर आणि त्याची मुलगी बसली होती. तीस वर्षं गर्दीच्या डोक्यावरून थांब्यांची नावं पुकारलेला माणूस. पक्षाघाताच्या झटक्याने त्याची वाचा गेली होती. सहा तासांचा प्रवास करून आलेला, परतीची गाडी चारची, आणि पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची. थेरपिस्ट बाई दर अर्ध्या तासाने दारातून डोकावत. त्या वयाने मोठ्या, हिला अगंतुगं करणाऱ्या केंद्रातल्या एकट्याच.

"अगं, होईल ना?"

"माझ्या डोक्यावर उभं राहून होणार नाही," ती मागे न बघता म्हणाली.

पहिल्यांदा तो गाभा बांधणारा प्रोग्राम, कंपायलरच नव्हता. तो उतरवण्यात तास गेला. मग फोल्डरच्या नावातली मोकळी जागा त्याला चालेना. मग फाइलींच्या पत्त्यांतल्या तिरप्या रेघा, लिनक्सला एका बाजूला झुकलेल्या लागतात, याला दुसऱ्या. एकेक गाठ सोडवताना तिचा पारा चढत होता, कारण प्रत्येक गाठ मास्तरांनी पाच मिनिटं विचार केला असता तर पडलीच नसती. अकराच्या सुमाराला एकदाचं बांधकाम सुरू झालं. कंपायलर एकेका फाइलचं नाव सांगत पुढे सरकू लागला: लाट, गाळणी, पट्टी, थांब. मास्तरांची ही सवय, फाइलींना साधी मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची. नवव्या फाइलनंतर दहावं नाव उमटलं, 'उत्तर', आणि तिथे सगळं कोलमडलं.

तिने फोल्डर उघडला. नऊ फाइली. पडद्यावर बोट टेकवून पुन्हा मोजल्या. नऊच. बांधायच्या फाइलींची यादी पाहिली, तीही नवांची. 'उत्तर' नावाची फाइल संपूर्ण संगणकात कुठेही नव्हती.

तिने सगळं पुसलं, नवीन फोल्डर केला, मूळ प्रत पुन्हा उलगडली, आज्ञा दिली. लाट, गाळणी, पट्टी, थांब. आणि दहावी, 'उत्तर'. या वेळी काम कोलमडलं नाही, नुसतं अडखळलं, आणि कंपायलरने एक इशारा छापला: ओळ एकेचाळीस, 'ऐकून_घे' हे चल (व्हेरिएबल) जाहीर केलं आहे, पण कुठेच वापरलेलं नाही.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. म्हणजे जाता जाता मास्तरांनी खोडी करून ठेवली होती तर. कुठेतरी काहीतरी लपवून ठेवलंय, आणि आता घरी बसून गंमत बघतायत.

आठ महिन्यांपूर्वी बेचाळीस रुग्णांच्या आवाजांची रेकॉर्डिंग एका दुपारी नाहीशी झाली होती. ती मास्तरांनीच पुसली असं ठरवून तिने त्यांना भर कॉरिडॉरमध्ये, सगळ्या स्टाफसमोर, रुग्णांसमोर धारेवर धरलं होतं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा ती कडाडली, "तोंडातून एक अक्षर काढू नकोस!" एरवी ती त्यांना अहोजाहो करायची. ते पिशवी उचलून गेले.

तिने पुन्हा आज्ञा दिली. आता इशारे दोन होते. ओळ अठ्ठ्याऐंशी: 'मी_पुसलं_नाही', जाहीर केलं आहे, वापरलेलं नाही. पुन्हा. तीन. ओळ एकशे तीस: 'त्या_दुपारी_यंत्रावर_तू_होतीस', जाहीर केलं आहे, वापरलेलं नाही. आणि त्याखाली: ओळ दोनशे बारा, यापुढच्या मजकुरापर्यंत कधीच पोचता येणार नाही.

त्या दुपारी यंत्रावर ती होती का? होती, पण डिस्क साफ करायला, दहाच मिनिटं. त्याचा याच्याशी काय संबंध? तिने फोन उचलला आणि मास्तरांच्या घरचा नंबर फिरवला. त्यांच्या बायकोने घेतला.

"मास्तर आहेत?"

"आहेत की. इथेच बसलेत."

"द्या त्यांना. त्यांनी इथे काय उद्योग करून ठेवलेत ते विचारायचंय."

"देऊन काय उपयोग? तुमच्याकडून त्या दिवशी घरी आले, तेव्हापासून ते बोलत नाहीत. सगळ्या तपासण्या झाल्या. घसा ठणठणीत आहे म्हणतात डॉक्टर. डोकंही. नुसता शब्द फुटत नाही."

"आणि संगणकावर? लिहितात ना तरी काही?"

"त्याला हात लावलेला नाही आठ महिन्यांत." मग मास्तरांची बायको म्हणाली, "तुम्ही कोण बोलताय? आवाज फार बारीक येतोय तुमचा."

"नाटकं आहेत ही सगळी!" ती ओरडली. पलीकडून बाई 'हॅलो, हॅलो' करत राहिली, आणि तिने फोन आपटला.

साडेबारा वाजले होते. दारावर टकटक झाली. थेरपिस्ट बाई होत्या. कंडक्टरला जेवायला पाठवू का, विचारत होत्या. तिने नुसता हात झटकला. तिला आता फक्त जिंकायचं होतं. कंपायलरला एक सूचना देता येते की इशारे छापू नकोस. जाणता माणूस ती देत नाही, कारण इशारे बहुतेक वेळा खरे असतात. तिने दिली. काय बडबडायचंय ते पोटात ठेव म्हणावं. मग शेवटची आज्ञा सोडली.

लाट, गाळणी, पट्टी, थांब. नावं एकाखाली एक गुमान उतरत गेली. दहावंही उतरलं. ना इशारा, ना तक्रार, ना एक शब्द. सर्वात खाली एकच ओळ आली: 'कान' यशस्वीरीत्या इन्स्टॉल झालं आहे.

ती खुर्चीत मागे रेलली. साडेतीन तासांचा राग अंगातून उतरायला हवा होता, पण तो तसाच होता, फक्त त्याला आता कुणी समोर नव्हतं. तिने माइक जोडला, पॅकेज सुरू केलं. पडद्याच्या तळाशी हिरवी रेघ आली.

"एक, दोन, तीन," ती म्हणाली.

रेघ हलली नाही. तिने वायर काढून घातली, आवाजाची पातळी वाढवली, माइकवर नखाने टिचकी मारली. टिचकीसरशी पट्टी ताडकन वर गेली आणि खाली आली. माइक चालू होता. "एक, दोन, तीन," ती मोठ्याने म्हणाली. मग त्याहून मोठ्याने. मग तिने माइक मुठीत धरला आणि मास्तरांच्या नावाने, त्यांच्या पॅकेजच्या नावाने, तोंडाला येईल ते बोलली, घशाच्या शिरा ताणून बोलली. रेघ तळाशी सरळच्या सरळ पडून होती.

दार उघडलं. थेरपिस्ट बाई आत आल्या, मागे कंडक्टर आणि त्याची मुलगी.

"अजून झालेलं नाही, बाहेर थांबा," तिने सांगितलं.

ते आत येतच राहिले. मुलीने वडिलांना माइकसमोरच्या रुग्णाच्या खुर्चीत बसवलं.

"ऐकू येत नाही का? बाहेर थांबा म्हणतेय ना मी!"

मुलीने संकोचून नजर दुसरीकडे वळवली. थेरपिस्ट बाई मात्र जागीच थांबल्या आणि तिच्या उघडत्या-मिटत्या ओठांकडे बघत राहिल्या. मग त्या जवळ आल्या आणि रुग्णांशी बोलण्यासाठी राखून ठेवलेल्या त्या मऊ, सवयीच्या आवाजात म्हणाल्या, "सावकाश. काही घाई नाही. आधी नुसता श्वास सोडा."

हे त्या कंडक्टरला म्हणतायत, असं वाटून तिने त्याच्याकडे पाहिलं. तो काठीच्या आधाराने उठून उभा राहिला होता, आणि मोकळी झालेली खुर्ची तिच्याकडे सरकवत होता.