समोर काही नसताना

रविवारी सकाळी लेक आली ती चहालाही न थांबता म्हणाली, "बाबा, गाडी काढा. मुंगीची शाळा दाखवा मला."

मुंगी म्हणजे तिची चार वर्षांची मुलगी. उद्यापासून मुंगीला शाळेत सोडायचं काम आजोबांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. त्याआधी मागच्या सीटवर बसून एकदा बाबांचं ड्रायव्हिंग बघायचं, असं लेकीनं ठरवलं होतं. ती दातांची डॉक्टर. 'काही दुखत नाही' म्हणणाऱ्याला आधी तोंड उघडायला लावायचं, हा तिचा धंद्याचा नियम. आणि तो तिनं घरच्यांना कधी माफ केला नव्हता.

"दाखवतो की, डॉक्टरीणबाई!" म्हणत सरांनी खिळ्यावरची किल्ली झटक्यात उचलली. ती झटक्यात सापडावी म्हणून बाईंनी सकाळीच तिथे अडकवून ठेवली होती.

सर म्हणजे लेकीचे बाबा. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना सरच म्हणे. बाई म्हणजे त्यांची बायको. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झालेली. पलीकडे कुणी रडो, शिव्या देवो, बाईंचा आवाज एकाच पट्टीत. त्या आवाजावरच गेलं वर्षभर ही गाडी चालत होती, पेट्रोल नावापुरतं.

कारण सरांना समोरचं दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक धुरकट डाग बसला होता. कडेचं सगळं लख्ख: फुटपाथ, दुकानांच्या पाट्या, शेजारून जाणाऱ्या स्कूटरचा आरसा. नाकासमोर मात्र धुकं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं, तेव्हा ऐकायला ही दोघंच होती. दोघांनी ते औषधासारखं गिळलं आणि लेकीला पत्ता लागू दिला नाही. एकमेकांची झाकली मूठ सांभाळण्यात बेचाळीस वर्षं गेलेल्या माणसांना आणखी एक मूठ जड होत नाही.

सुरुवातीला बाई नुसतं "वळा" म्हणायच्या. एकदा फाट्यावर "वळा" म्हणाल्या आणि सर थेट टायरवाल्याच्या दुकानात शिरले. "किती वळू ते नको सांगायला?" सर तिथेच खेकसले. "जरासं, हळूच, डाव्या अंगाला," बाई म्हणाल्या. "तुझं वाक्य संपेपर्यंत फाटा मागे जातो!" मग सरांनी आपला वर्गातला जुना धडा बाहेर काढला. इंग्रजांनी, म्हणाले, दिशा बदलायला एकेका मापाचा शब्द शिवून ठेवलाय. टर्न म्हणजे कोपऱ्यावरून सरळ दुसऱ्या रस्त्याला लागायचं. बेअर म्हणजे फाटा फुटेल तिथे अलगद एक बाजू धरायची. स्विंग म्हणजे ऐसपैस, झोकदार. व्हीअर म्हणजे आहे त्याच रस्त्यावर बाजूला सरकत जायचं. त्याला कारण असलंच पाहिजे असं नाही, वारा लागला तरी माणूस व्हीअर होतो.

"आणि स्वर्व्ह?" बाईंनी विचारलं होतं.

"तो जपून वापरायचा. बाकीच्यांना रस्ता पुरतो, स्वर्व्हला समोर अडथळा लागतो. तू म्हणालीस की मी विचारणार नाही, बघणार नाही, झटका देऊन बाजूला होणार. म्हणून समोर काही असल्याशिवाय उच्चारायचा नाही. शपथ घे."

बाईंनी घेतली. आजवर तो शब्द तोंडातून निघाला नव्हता.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. बाई पुढे सरांशेजारी, लेक मागे मधोमध, दोन्ही सीटांच्या फटीतून डोकं काढून.

"टर्न," बाई म्हणाल्या. सरांनी कोपरा सुरेख काढला.

"अगंबाई, अजून चालू आहे तुमचं?" लेक हसली. "लहानपणी शाळेत जाताना बाबा माझा हात धरून हेच खेळायचे. व्हीअर म्हटलं की मी गटाराकडे सरकत जायची!"

"एकदा पडलीसही होतीस," सर म्हणाले. "तेव्हापासून शब्द पक्का झाला."

बाईंनी सुटकेचा श्वास टाकला, पण अर्धाच. गोल चौकात "स्विंग" म्हणून झालं. पुढे एक हातगाडी उभी होती. "व्हीअर राइट," बाई म्हणाल्या. गाडी सरकली, हातगाडीवाला आरशाला चाटून मागे गेला.

"जवळून गेलात हं, बाबा."

"जवळून जायलाच तर कौशल्य लागतं. लांबून कुणीही जाईल."

लेक हसली नाही. बाईंनी पदरानं तळहात पुसले. मुंगीच्या जागी त्यांनी रोज स्वतःला मागच्या सीटवर बसवून बघितलं होतं आणि रोज एकच उत्तर काढलं होतं: मी शेजारी आहे ना. आपला आवाज आहे तोवर त्यांचे डोळे आहेत. उत्तर पटण्यासारखं होतं. निदान रात्री झोप लागण्यापुरतं तरी.

फर्निचरच्या दुकानापाशी फाटा आला. "बेअर लेफ्ट." सरांनी इतकं अलगद घेतलं की मागे लेकीची पर्ससुद्धा हलली नाही. ती खिडकीकडे सरकली, पट्टा लावून मागे टेकून बसली. तोंड उघडून बघितलं, कीड दिसली नाही, असा तिचा चेहरा झाला.

"नाही, छान चालवता तुम्ही. मी उगाच घाबरत होते." मग आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि आई, तू कशाला रोज सोबत जाणार? गुडघे दुखतात तुझे. तू घरी आराम कर. बाबा एकटे सोडतील तिला."

बाईंनी सरांकडे पाहिलं. आता हे काहीतरी सबब काढतील. म्हणतील, तुझ्या आईला तेवढंच फिरणं होतं. म्हणतील, तिला नातीची हौस आहे. काहीही म्हणतील.

"हो हो," सर म्हणाले. "मी एकटा पुरे. तसा रस्ता पाठच आहे मला."

आणि ते खुशीत होते. लेकीनं शाबासकी दिली होती. बाईंना आजवर वाटायचं, आपण दोघं मिळून लेकीला फसवतोय. यात आपणही फसवले जातोय हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. ह्या माणसाला खरंच वाटू लागलं होतं की आपल्याला दिसतं.

"अहो, मी येईन ना," त्या म्हणाल्या.

"कशाला? चांगली चार पावलांवर शाळा. बस तू घरी."

गाडी शाळेच्या रस्त्याला लागली. रविवार, त्यामुळे फाटक बंद. रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना लांबच लांब भिंत. उद्या सकाळी इथे दप्तरं असतील. हात सुटलेली मुलं असतील. ती नाकासमोरूनच धावतील, कडेनं नाही.

बाईंनी आरशात पाहिलं. मागे कुणी नाही. पुढे कुणी नाही. फुटपाथ रिकामा. गाडी हळू होती. लेकीनं पट्टा लावला होता. एक्सचेंजमध्ये लाइन जोडण्याआधी कान देऊन खात्री करत, तशी त्यांनी पुन्हा एकदा सगळीकडे नजर टाकली. आवाज त्याच पट्टीत आला.

"स्वर्व्ह."

सरांनी चाक असं फिरवलं की टायर किंचाळले. गाडी आडवी होऊन उलट्या बाजूच्या फुटपाथला घासली आणि बंद पडली. लेकीचं डोकं खिडकीवर आपटलं.

"गेला का?" सर धापा टाकत म्हणाले. "वाचला का?"

"कोण?" लेकीनं कपाळ धरून विचारलं.

"अगं, कुत्रा! काळा, हा एवढा. आडवाच आला की!"

लेकीनं मागे वळून पाहिलं. रस्ता धुऊन वाळत घातल्यासारखा मोकळा होता. तिनं आईकडे पाहिलं. आई समोर बघत होती.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "समोर काहीच नव्हतं."

"म्हणजे? तुझी आई म्हणाली..."

वाक्य तिथेच राहिलं. मागच्या सीटवर आता हसू नव्हतं. टर्न, स्विंग, व्हीअर, बेअर, सगळा रस्ता तिथे पुन्हा एकदा उलटा चालून बघितला जात होता. सरांना मागचं ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं.

"शपथ घेतली होतीस तू," ते बाईंना म्हणाले. "समोर काही असल्याशिवाय म्हणणार नाही."

"होतं समोर."

"काय होतं?"

"उद्या सकाळ होती," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पट्टी सोडून गेला.

मग लेक खाली उतरली, पुढचं दार उघडून उभी राहिली. सरांनी किल्ली काढली, ती द्यायला हात पुढे केला, आणि लेकीचा हात नेमका समोर होता म्हणून तो त्यांना सापडेना. तिनं त्यांचं मनगट धरून किल्ली घेतली.

परत येताना सर पुढे शेजारी बसले, बाई मागे. फाट्यापाशी लेक चाचरली. बाईंच्या ओठांवर आलेला शब्द त्यांनी परतवला. तो सरांनीच उच्चारला, पाठ असल्यासारखा: "बेअर राइट."

लेकीनं घेतलं.

बरंच पुढे गेल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "अगं, निदान मांजर तरी?"

"नाही हो," बाई म्हणाल्या.