साबणाची वही

वकीलबाईंनी झेरॉक्सचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "काका, हा अंगठा तुमचा का?"

अंगठ्याला काय तोंड असतं ओळखायला? पण शेजारी हजेरी क्रमांक होता, एकशे बारा. तो माझाच. पानभर नुसते निळे अंगठे आणि वर एक छापील ओळ: 'कामाचे कपडे कारखान्यातच धुतले. साबण मिळाला.'

"माझाच," मी म्हणालो.

"मग आपली पंचाईत आहे. कंपनी म्हणते, कपडे तिथेच धुतले जायचे. धूळ घरी गेलीच नाही. आणि काकूंनी तर कारखान्याचं फाटकही पाहिलेलं नाही."

ते खरंच होतं. तिने फाटक पाहिलं नव्हतं. फाटकातून रोज बाहेर पडणारा मी तेवढा पाहिला होता.

आमचा कारखाना सिमेंटच्या पत्र्यांचा. ॲस्बेस्टॉसच्या गोण्या यायच्या. त्या फोडून मिश्रणाच्या हौदात ओतणं हे माझं काम, बावीस वर्षं. मऊ, पांढरा, पिंजल्यासारखा माल. भुवया, कान, पापण्या सगळं पांढरं व्हायचं. पंचविशीतच सगळे मला 'आजोबा' म्हणायला लागले. बायको दारात उभी राहून हसायची. "लग्न तरण्याशी लावून दिलं माझं आणि रोज संध्याकाळी घरी म्हातारा येतो!" मग अंगणातल्या टपाकडे बोट दाखवायची. "काढा ते, टाका तिथे. घरात पाऊल ठेवू नका त्या अवतारात."

मी कपडे टाकायचो. ती झटकायची, भिजवायची, चोळायची.

दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत पाणी झालं. काढलं की पुन्हा भरायचं. मोठ्या इस्पितळात तुकडा तपासला आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, मेसोथेलिओमा. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. मला ते नाव लिहायला तीन कागद लागले. डॉक्टरांनी तिला विचारलं, "बाई, तुम्ही ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय का?" ती म्हणाली, "मी कशाला, हे करायचे." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझीही छाती तपासली. माझी छाती खणखणीत निघाली.

सात महिन्यांत ती गेली.

वकीलबाई अशाच माणसांचे नुकसानभरपाईचे दावे चालवतात, फी न घेता. त्या मला लेकीने शोधून दिल्या.

"मग कपडे धुतले कुठे?" त्यांनी विचारलं.

"घरी. हौद एक, नळ एक आणि माणसं ऐंशी. भोंगा झाला की दहा मिनिटांत बस सुटायची. मुकादम वही उघडून दारातच बसायचा. अंगठा द्या, साबण घ्या, पळा. दर शनिवारी असंच."

"म्हणजे एवढ्याशा साबणासाठी खोटा अंगठा?"

"एवढासा नव्हता तो बाई. वीट होती, पिवळी. आमच्या घरात धुण्याचा साबण कधी विकत आणला नाही."

त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "हे सांगावं लागेल. ते तुम्हाला खोटारडा म्हणतील."

"म्हणू देत."

"आणखी एक अडचण आहे. कंपनी म्हणते, ही धूळ वाईट असते हे कारखाना बंद होईपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं असा त्यांचाच एक कागद हवा, काका. एकच मिळाला तरी बास. पण शेवटच्या पाच वर्षांच्या वह्या त्यांनी दिल्याच नाहीत. वाळवी लागली म्हणे."

मी वर पंख्याकडे पाहत राहिलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

त्या पाच वर्षांच्या वह्यांत काय आहे हे कंपनी सोडली तर जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला मुकादम आता मुलाकडे असतो आणि त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. दुसरा मी.

चाळिशी ओलांडल्यावर मी अक्षरं शिकलो. युनियनच्या खोलीत जेवणाच्या सुटीत वर्ग चालायचा. नवशिक्याला खाज असते. पाट्या, पुडीचे कागद, बसची तिकिटं, दिसेल ते मी वाचायचो. अंगठ्यांच्या पानावर माझी एकट्याची सही असायची आणि तिचा मला कोण अभिमान! मग एका शनिवारी मुकादमाने नवी वही उघडली. वरची ओळ बदलली होती. मी बोट ठेवून पुटपुटत वाचली: 'धूळ आरोग्यास अपायकारक असल्याने कामाचे कपडे घरी नेले नाहीत, कारखान्यातच धुतले.'

मुकादम म्हणाला, "आजोबा, शिकलात तर पेपर वाचा. वही कशाला वाचता? बस जाईल."

सगळे हसले. मीही हसलो आणि झोकात सही केली.

'अपायकारक' म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. सोमवारी वर्गात मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "जिवाला घातक."

त्या संध्याकाळी घरी आलो. अंगणात टप होता. ती म्हणाली, "आले म्हातारबुवा!" लेक दहा वर्षांची होती. आईच्या हाताखाली तीही पँट धरून भिंतीवर आपटत होती, आणि धूळ उडाली की टाळ्या वाजवत होती. मी सांगितलं असतं तर बायकोने विचारलं असतं, मग आता काय करायचं? काम सोडायचं? बस सोडायची? उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी प्रश्नच येऊ दिला नाही. उद्या सांगू म्हणालो. असं उद्या उद्या करत कारखान्याला टाळं लागेपर्यंत पाच वर्षं गेली.

आई गेल्यापासून लेक दर रविवारी फोन करायची. तिचं सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. फोनवर ती म्हणायची, "बाबा, किती मनाला लावून घ्याल? तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?"

आठवडाभर मी त्या एका वाक्यावर जगायचो, आणि आठवडाभर तेच वाक्य मला खायचं. घरात बोलायला कुणी नाही. भिंतीशी बोललो तर भिंतही म्हणाली असती, आजोबा, ठाऊक होतं की.

वकीलबाईंना मी काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दावा गेला तर गेला, लेक राहील, असा हिशेब मी मनाशी मांडला.

सुनावणीची खोली लहान होती. एक अधिकारी, एक टंकलेखक, लांब टेबल आणि मागे चार खुर्च्या. वारसाची सही लागणार म्हणून लेक आली होती. माझी कॉलर नीट करून ती मागे बसली. "पाणी प्यायलात ना?" तिने विचारलं.

कंपनीचे वकील पिकल्या केसांचे आणि फार गोड बोलणारे. त्यांनी तोच गठ्ठा काढला.

"अंगठा तुमचा?"

"माझा."

"म्हणजे कपडे कारखान्यात धुतलेत."

"नाही. अंगठा दिला, साबण घेतला, कपडे घरी नेले."

"म्हणजे खोटं लिहून दिलंत?"

"हो."

"बावीस वर्षं?"

"हो. आणि एकट्याने नाही, ऐंशी जणांनी."

ते अधिकाऱ्यांकडे वळून हसले. "साहेब, साबणाच्या वडीसाठी बावीस वर्षं खोटं बोलणारा माणूस आज खरं बोलतोय, असं आपण धरून चालायचं." मग पुन्हा माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या पत्नीचं वाईट वाटतं मला. पण त्यांच्या आजाराचा कारखान्याशी काही संबंध नाही. दुसरं कुठूनतरी आलं असेल. घरातल्या चुलीचा धूर असेल, त्यांचीच काही सवय असेल."

तिला कसली सवय? कपडे धुवायची, एवढीच.

त्यांनी कागद आवरायला घेतले. आता आटोपणार हे मला दिसलं. टंकलेखकाची बोटं थांबली होती. तिच्या मरणाचं कारण म्हणून चुलीचा धूर असं कुठल्यातरी फाइलीत कायमचं बसणार होतं.

"पाच वर्षांच्या वह्या तुम्ही आणल्या नाहीत," मी म्हणालो.

"त्या नष्ट झाल्यात."

"त्यांत अंगठा नाही, माझी सही आहे. आणि वरची ओळ निराळी आहे." मी ती ओळ म्हणून दाखवली. एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

वकीलबाईंचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातलाच माणूस चोर निघाला.

"इतकी तोंडपाठ?" कंपनीचे वकील म्हणाले.

"उशिरा शिकलेला माणूस वाचलेलं विसरत नाही, साहेब."

"अर्थ कळला होता?"

"मास्तरांना विचारला होता."

"आणि तरीही कपडे घरी नेलेत?"

"नेले."

"पत्नीला सांगितलंत?"

"नाही."

टंकलेखकाने तेही टिपलं. मी मागे वळलो नाही. वळायची गरजच नव्हती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग दार लागल्याचा.

अधिकाऱ्यांनी हुकूम काढला: वह्या हजर करा, वाळवी लागली असेल तर वाळवीसकट.

लेक बाहेर जिन्यात उभी होती. "मी पण झटकायचे ते कपडे," ती म्हणाली. "टाळ्या वाजवायचे."

"हो."

"तुम्ही बघत होतात."

"हो."

ती जिना उतरली. त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही आला नाही. मी फोन उशाशी घ्यायचो, मग स्वयंपाकघरात न्यायचो, मग वाटायचं बिघडला असेल, म्हणून शेजाऱ्याला सांगून त्याच्या फोनवरून वाजवून पाहायचो. ठणठणीत वाजायचा. शेजारी एकदा म्हणाला, "आजोबा, फोनला काही झालेलं नाही." बोलून झाल्यावर तो ओशाळला.

महिन्याने वकीलबाईंनी कळवलं. "काका, वह्या सापडल्या. एक भोकही नाही वाळवीचं. ओळ आहे, खाली तुमची सहीही आहे." त्या फार आनंदात होत्या. फोन ठेवल्यावर ही बातमी कुणाला सांगावी म्हणून मी घरभर फिरलो. दोन खोल्या फिरायला वेळ तो किती लागणार?

मग साक्षीला लेक उभी राहिली. तिने स्वतःच वकीलबाईंना फोन केला होता. घरी टपात कपडे धुतले जायचे हे तिच्याइतकं जवळून कुणी पाहिलं होतं? मला मात्र बाहेरच्या बाकावर बसवलं. दाराआडून तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते.

वकीलबाई बाहेर आल्या. "फार चांगलं बोलल्या. दावा आता पक्का उभा राहिला, काका."

"माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

विचारायचा धीर झाला नाही. थांब्यावर आम्ही दोघं उभे राहिलो, मध्ये दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. ती रस्त्याकडे पाहत होती. तिची बस आधी आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "डॉक्टरांनी मला छातीचा फोटो काढायला सांगितलाय. सोमवारी, अकरा वाजता."

ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. बस सुटली.

सोमवारी मी नऊलाच इस्पितळात जाऊन बसलो. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. कुणी विचारलं की सांगत होतो, माणूस यायचाय.