मुकादमाच्या ओठांवर अडलेला शब्द

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, पण माझी हाक आल्याशिवाय आमच्या डोंगरातला कामगार घरी जात नसे. मी एक जुना जर्मन शब्द आहे. माझे नाव फायरआबेंड. फायर म्हणजे सण आणि आबेंड म्हणजे संध्याकाळ. फार पूर्वी सणाच्या आदल्या संध्याकाळी चर्चची घंटा वाजली, की लोक मला उच्चारीत. पुढे रोजचे काम संपले, की माझी आठवण होऊ लागली. 'आता पुरे!' म्हणून भांडण तोडायलाही मीच. मध्यंतरी पूर्व जर्मनीत वृद्धाश्रमांना माझे नाव दिले गेले. तिथे मला उच्चारताना लोकांचा आवाज उतरे. उत्तरेला समुद्रकाठी मी फिरआवेंड झालो, स्वित्झर्लंडात फ्यूराबिग आणि सॅक्सनीच्या खाणींत फायरोब्न्ड.

सॅक्सनीतल्या आमच्या कथिलाच्या खाणीत मला उच्चारण्याचा मान मुकादमाचा. गॉटहोल्ड उलिगने मोठ्याने हाळी दिल्याशिवाय कुणी हातोडा खाली ठेवीत नसे. मग हशा, शिट्ट्या आणि घराची ओढ. किती लाडका होतो मी!

पुढे दोन्ही जर्मनी एक झाले. आमचे कथिल बाजारात महाग ठरले आणि खाण बंद करायचे ठरले. शेवटच्या पाळीअखेर सगळे हातोडे धरून उभे राहिले. मी गॉटहोल्डच्या ओठांवर अडलो.

"मुकादम, बोला की! उद्याची वाट बघताय? उद्या नाहीये आपल्याला," आर्नो म्हणाला. तो खाणीतला विनोदी माणूस, पण कुणी हसले नाही.

गॉटहोल्डने मला गिळले आणि तो चालू लागला. बाकीचे मागोमाग निघाले.

त्यानंतर तो घरी लाकूड कोरत बसे. खाणकामगारांच्या बाहुल्या, एकीनंतर दुसरी. ताटातले अन्न निवून जाई. बोटे चिरली, अंग वाळले. त्याची बायको इर्मा डोळ्यांदेखत त्याला झिजताना पाहत होती.

एका संध्याकाळी ती त्याच्यापुढे उभी राहिली. "सगळ्यांना तू सुट्टी द्यायचास. तुला कुणी दिली?"

"मुकादमाला कोण देणार?"

"मी देते. फायरोब्न्ड, गॉटहोल्ड."

"तुला गं कुणी अधिकार दिला?"

"मग कुणाला आहे? खाणीला? तिच्यात पाणी भरलंय."

त्याने सुरी खाली ठेवली. तिथल्या रीतीप्रमाणे उकडलेल्या बटाट्यांवर जवसाचे तेल घेतले आणि जेवता जेवता तो रडला.

आता तिथली तरुण मुले परगावी गेली. डोंगरात मला क्वचितच कुणी उच्चारतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी काम सुटल्यावर राबतच बसले असेल. तुमच्या भाषेत माझ्यासारखा जो शब्द असेल, तो त्याला द्या. तो स्वतः मागणार नाही.