सालोमोनचं पेट्रोल

"ही कॉफी आहे की सालोमोनचं पेट्रोल?" कॅप्टन नेवार्दोनं कपात डोकावून विचारलं, आणि टपरीवरची सगळी हसली.

टपरीवालीही हसली. विलाविसेन्सिओच्या विमानतळावर हा विनोद चाळीसेक वर्षं चालत आलेला. कॉफी पातळ झाली, रश्श्यात पाणी जास्त पडलं, कुणाचा शब्द फुसका निघाला, की म्हणायचं, सालोमोनचं आहे. हा सालोमोन कोण, ते निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते सांगत, की पेट्रोलवाला होता, त्याच्या पिंपांत पाणी असायचं, त्यापायी एक विमान पडलं.

कुस्तोदिओ हसला नाही. या विनोदावर तो कधीच हसत नसे. पण तो कशावरच हसत नसल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

कुस्तोदिओचं वय सहासष्ट. त्यातली चव्वेचाळीस वर्षं त्यानं एकाच जातीच्या विमानांत घातली होती. दोन पंख्यांची, शेपटी जमिनीला टेकवून नाक वर करून बसणारी, युद्धाच्या काळात बनलेली म्हातारी विमानं. रस्ता संपतो तिथून पुढं जंगलातल्या गावांना तांदूळ, बियरची खोकी, कोंबड्या, बाळंतिणी, शवपेट्या, सगळं तीच नेत. एके काळी सकाळी सहाला अठरा-अठरा विमानं एकदम सुरू व्हायची आणि गावातल्या बाया त्या घरघरीवर पोरांना शाळेसाठी उठवायच्या. आता तीन उरली होती. बाकीच्यांच्या जागी नवी टर्बाइनवाली आली. कुस्तोदिओ त्यांना शिलाई मशीन म्हणायचा.

"थेंबभर तेल गाळत नाहीत," तो म्हणायचा. "जे गळत नाही त्याच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला कळणार कसं?"

संशय हा त्याचा स्वभाव की धंदा, हे त्याच्या बिचाऱ्या बायकोलाही मरेपर्यंत उमगलं नाही. तेलाची जाळी तिघांनी तपासली तरी हा चौथ्यांदा तीवरून लोहचुंबक फिरवणार. पेट्रोल टाकीत जाण्याआधी काचेच्या बरणीत घेणार, उन्हाकडे धरणार, तळाशी पाणी बसतं का म्हणून डोळे बारीक करून बघत राहणार. हल्ली पेट्रोल सीलबंद टँकरमधून यायचं, तरी बरणी सुटली नव्हती. घरी दुधाचीही तीच गत.

आज त्याचा शेवटचा दिवस. उद्यापासून इंजिनाच्या कागदावर सही योर्लादिसची. योर्लादिस चौतीस वर्षांची, दोन मुलींची आई, अकरा वर्षं त्याच्याच हाताखाली शिकलेली. निरोपाची भेट म्हणून मालकांनी विमानाच्या नाकावर कुस्तोदिओचं नाव रंगवायचं ठरवलं होतं. पेंटर सकाळपासून शिडीवर चढलेला. शिवाय स्वित्झर्लंडहून सात हौशी पाहुणे आले होते, जुन्या विमानांचे वेडे. आज याच विमानातून ते जंगलात जाऊन परत येणार होते. त्यांचा म्होरक्या रेटो नावाचा गोरापान म्हातारा. काल डाव्या इंजिनाला हात लावून तो चक्क रडला होता. कुस्तोदिओला ते मुळीच पटलं नव्हतं. ज्याचे हात कधी काळे झाले नाहीत त्याला इंजिनासाठी रडू कसं येतं, याचा तो रात्रभर विचार करत होता.

तर कॅप्टननं विनोद केला, सगळी हसली, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून योर्लादिसच्या मोजण्याचा आवाज आला.

"पाच. सहा. सात."

कुस्तोदिओचा डावा कान केव्हाच गेला होता. उजवा अजून कामाचा होता. त्यानं तो भिंतीकडे वळवला. आवाज थांबला होता. एक श्वास गेला, दुसरा गेला.

"आठ. नऊ. दहा."

त्यानं कप खाली ठेवला. कॉफी तशीच राहिली.

रात्रभर उभ्या राहिलेल्या या इंजिनांत तेल झिरपतं आणि खालच्या सिलिंडरांत साचतं. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हातानं ओढून फिरवायचा, पंधरा पाती मोजायची. मध्येच पातं अडलं तर समजायचं, तेल आहे. मग खालचे प्लग काढून तेल गाळायचं, तास गेला तरी बेहत्तर. पंखा मागं मात्र फिरवायचा नाही. मागं रेटला की अडलेलं पातं सुटतं, सगळं ठीक वाटतं. पण तेल कुठं गेलेलं नसतं, ते हवेच्या नळीत जाऊन बसतं. इंजिन सुरू झालं की पुन्हा आत ओढलं जातं आणि पिस्टनचा दांडा वाकवतं. वाकलेला दांडा लगेच मोडतो असंही नाही. कधी पाच मिनिटं धरतो, कधी तासभर, आणि मग खाली फक्त झाडं असतात तेव्हा मोडतो.

सातनंतर दोन श्वास. प्लग काढायला दोन श्वास पुरत नाहीत.

तो भिंतीला वळसा घालून गेला तेव्हा योर्लादिस फडक्याला हात पुसत होती आणि रेटो डाव्या पंख्याखाली उभा होता. रेटोच्या तळव्याला तेल होतं. कुस्तोदिओनं त्याचं मनगटच धरलं.

"पंख्याला हात लावलास?"

"लावला," रेटो आनंदानं म्हणाला. स्पॅनिश त्याला जेमतेम यायची. "खालचं तेल. वास घेतला. फार छान वास."

"पातं फिरवलंस का?"

"मी नाही. ती फिरवते. मी त्या बाजूला, नावाचा फोटो."

कुस्तोदिओनं त्याचा हात सोडला. माणूस खुळा होता, पण खोटं बोलत नव्हता. मग उरली एकच.

"पोरी, सातवर अडलं का?"

"नाही उस्ताद."

"थांबलीस."

"श्वास घेतला. माणूस श्वास घेतो."

"मागं नाही ना नेलंस?"

योर्लादिस फडक्याची घडी घालत राहिली. तेलकट फडक्याची घडी कुणी घालत नाही. "नाही म्हटलं ना," ती म्हणाली.

कुस्तोदिओ तडक कॅप्टनकडे गेला. विमान सोडायचं नाही, डाव्या इंजिनाच्या खालच्या हवेच्या नळ्या खोलायच्या. कॅप्टननं आधी घड्याळ बघितलं, मग आभाळ.

"प्लग काढून बघू. अर्धा तास देतो."

"प्लगमध्ये काही दिसणार नाही. तेल नळीत गेलंय. नळीच खोलावी लागेल."

"म्हणजे आजचा दिवस गेला. दहानंतर जंगलावर ढग चढतात, मी काय ढगांना थांबायला सांगू? उस्ताद, तुमच्या शेवटच्या दिवशी मला भांडायचं नाही. पण दहा पावलांवरून हाक मारली तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि भिंतीपलीकडची बाई गप्प बसली ते ऐकू आलं?"

"आलं."

"योर्लादिस, अडलं होतं का?"

"नाही कॅप्टन."

"झालं तर. मोजलं तिनं. ती अडलं म्हणाली तर आत्ता थांबवतो, तुमच्या कानावर नाही थांबवणार." मग तो जरा नरमला. "जा, नाव कसं आलंय बघा. ज्याच्या चुकीनं एकदाही इंजिन बंद पडलं नाही असा माणूस या धावपट्टीवर दुसरा नाही. मालक तसं भाषणात बोलणार आहेत."

वर पेंटर 'कुस्तो'पर्यंत पोचला होता. निळी, ठसठशीत अक्षरं. कुस्तोदिओनं मान वर करून बघितलं आणि लगेच खाली घातली.

पाहुणे विमानाच्या दाराशी लावलेल्या शिडीजवळ जमले. त्यांच्यामागं नेहमीचे उतारू. तांदळाची पोती आत गेली. दोन कोंबड्या पायांनी बांधून धरलेली एक बाई लेकराला पुढं ढकलत होती.

योर्लादिस शेपटीच्या चाकापाशी उभी होती. कुस्तोदिओ तिथं गेला तशी तीच आधी बोलली, दबक्या आवाजात.

"तुम्हाला उद्याची माझी सही बघवत नाहीये. सगळे म्हणतायत. अकरा वर्षं मी पाना दिला की तो सुद्धा तुम्ही तपासून घ्यायचात."

ते त्याला लागलं. खरं असेल का, अशी शंकाही मनाला चाटून गेली, कारण हा माणूस स्वतःलाही सोडत नसे. तो चाकाशेजारच्या लाकडी ठोकळ्यावर बसला.

"मी पंचवीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "एकेचाळीस वर्षं झाली. पातं नऊवर अडलं. वैमानिक आर्सेसिओ, भला माणूस, पण घाई फार. मी मागं रेटलं, एवढंसं. सुटलं. त्यानं वरून विचारलं, सगळं ठीक? मी म्हटलं, ठीक."

योर्लादिसनं मागं वळून डाव्या पंख्याकडे बघितलं.

"चाळीस मिनिटं चाललं. मग ताडांच्या दलदलीत पडलं. सहा माणसं. इंजिन चिखलात खोल गेलं, कुणी काढलंच नाही. चौकशीवाल्यांना काहीतरी लिहायचं होतं. सालोमोनची पिंपं पावसात उघडी असायची. त्यांनी लिहिलं, पेट्रोलमध्ये पाणी."

"उस्ताद."

"ऐक. सालोमोन माझ्याकडे आला होता. टोपी हातात घेऊन. म्हणाला, तू भरण्याआधी बरणीत बघतोस ना? त्या दिवशी बघितलं असशील. पाणी होतं का? एवढंच सांग त्यांना." कुस्तोदिओनं तळहातानं तोंड पुसलं. "मी म्हटलं, आठवत नाही. मग त्याचं पेट्रोल कुणी घेईना. घर विकलं, बायकापोरं घेऊन गेला. कुठं गेला, कसा मेला, मी विचारलंसुद्धा नाही. त्याच्या नावानं कॉफी पितात तेव्हा मी तिथंच उभा असतो."

उजव्या इंजिनापाशी कुणीतरी आग विझवायची बाटली आणून ठेवत होतं. आता सुरूच करणार होते.

"मला तुझा संशय नाही," तो म्हणाला. "संशय यायला माहिती कमी पडावी लागते. मला माहीत आहे. फडकं हातात घेऊन उभं कसं राहतात तेसुद्धा माहीत आहे."

योर्लादिसच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते सगळे बघत होते," ती म्हणाली. "कॅमेरे घेऊन. कॅप्टन ढग ढग करत होता. उद्यापासून सही माझी, आणि आजच माझ्या हातात अडावं. माझा परवाना जाईल, उस्ताद. मुलींना खायला काय घालू?"

"जाईलही," तो म्हणाला. "मी नाही सांगितलं, आणि माझा राहिला."

ती फडकं खिशात कोंबून सरळ चालू लागली, कोंबड्यांवाल्या बाईच्या बाजूनं, पाहुण्यांच्या मधून, कॅप्टनच्या खिडकीखाली. ती काय बोलली ते कुस्तोदिओला इतक्या लांबून ऐकू आलं नाही. पण कॅप्टन खाली उतरताना दिसला.

नळी खोलायला दुपारचा एक वाजला. योर्लादिसनंच खोलली. खालून काळं, दाट तेल आलं, कॉफीचा कप काठोकाठ भरेल एवढं. ताटलीत ते बघताना कॅप्टन नेवार्दोचा रंग उतरला. कोंबड्यांवाली बाई सावलीत बसून मक्याची भाकर खात होती, लेकरू तिच्या मांडीवर झोपलेलं. कॅप्टन त्यांच्याकडे बघत राहिला.

रेटोला कुणीतरी हातवारे करून सगळं समजावलं. तो कुस्तोदिओपुढं येऊन वाकून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. टोपी काढलेला माणूस समोर बघून कुस्तोदिओ दोन पावलं मागं सरला.

"डोक्यावर घाल ती," तो पुटपुटला.

"भिंतीपलीकडून ऐकलं यांनी," कॅप्टन सगळ्यांना सांगत होता. "मी बहिरा म्हटलं त्यांना. उस्ताद, माझं चुकलं. आता नावाखाली एक ओळ आणखी लिहून घेतो मी."

"पोरीच्या सहीचं काय?"

"मालक ठरवतील. पण तिनं स्वतः येऊन सांगितलं, हे मी सांगेन."

"ते आधी सांगा."

मग कुस्तोदिओनं पेट्रोलच्या डब्यात चिंधी बुडवली आणि पेंटरला शिडीवरून उतरायची खूण केली. गुडघे धरत धरत चढला. रंग ओलाच होता. दोन-चार हातांत सगळं नाव निळ्या डागासारखं पसरलं, मग डागही गेला.

"हे काय करताय?" कॅप्टन म्हणाला.

"याच्या जागी सालोमोन लिही," कुस्तोदिओनं पेंटरला सांगितलं. "अक्षरं तेवढीच मोठी."

"कुठला सालोमोन?" कॅप्टन हसायच्या बेतात होता. "तो पेट्रोलवाला? पाणी मिसळायचा तो?"

कुस्तोदिओ शिडीवरच होता. एका हातात चिंधी, दुसऱ्या हातानं विमानाचं नाक धरलेलं. खाली टपरीवाली होती, योर्लादिस होती, पाहुणे होते. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"पाणी नव्हतं," तो म्हणाला. "मी बरणीत बघितलं होतं. स्वच्छ होतं."

योर्लादिसनं पुढं होऊन शिडी धरली आणि तो एकेक पायरी खाली उतरला.