टाळी पडली ते राहिलं

अडेगोरोयेच्या नाटक मंडळीत लिहिलेलं नाटक असं कधी नव्हतंच. म्हातारा गोष्ट सांगायचा, कोण राजा आणि कोण राणी ते ठरवायचा, बाकीचं ज्याचं त्यानं रंगमंचावर उभं राहून बोलायचं. ज्या बोलण्याला टाळी पडली ते राहिलं, ज्याला नाही पडली ते दुसऱ्या दिवशी गेलं. माणसांनाही म्हातारा हाच न्याय लावतो, हे वुराओलाला कळायला अर्धं आयुष्य गेलं.

वुराओला त्याची दुसरी बायको. कोवळी पोर होती तेव्हा तिनं ओशोग्बोच्या शाळेत मंडळीच्या खेळात पहिल्यांदा राणीचं गाणं म्हटलं. राजा राणीला वाड्याबाहेर काढतो आणि ती बाजारात उभी राहून गाते, ते गाणं. लोक उठून उभे राहिले. त्याच आठवड्यात अडेगोरोयेची माणसं मागणी घालायला कोलाची फळं घेऊन तिच्या बापाच्या दारात हजर. प्रेमबिम काही नाही हो. आमच्याकडच्या सगळ्या मंडळ्यांची रीतच ती. जिचा आवाज चालतो तिला लग्नात बांधून टाकायचं, म्हणजे दुसरी मंडळी पळवून नेत नाही. पगारी नटी आज आहे, उद्या नाही. बायको कुठे जाते? थोरलीला, म्हणजे कोला नावाच्या थोरल्या मुलाच्या आईला, गाता येत नव्हतं, म्हणून ती आयुष्यभर मंडळीचा स्वयंपाक आणि दारावरची तिकिटं बघत राहिली.

त्या वर्षी जानेवारीत वाळवंटाकडचा धुळीचा वारा सुटला आणि इलेशा गावच्या खेळात वुराओलाचा आवाज वरच्या ओळीत चिरकला. लोक हसले नाहीत, पण टाळीही पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अडेगोरोये दातवण चघळत बसला होता आणि त्याचा कान परसात होता. परसात असाके कपडे धुताधुता आईचंच गाणं म्हणत होती. असाके वुराओलाची एकुलती एक. अठरा वर्षांची, मंडळीच्या फिरत्या लॉरीत वाढलेली, आणि गळा असा, की शेजारणीसुद्धा उखळात कुटायचं थांबवून ऐकायच्या.

"असाकेला राणी करू," म्हातारा म्हणाला. "आणि दोसूला देऊन टाकू. घरातली घरात राहील."

दोसू म्हणजे मंडळीतला विदूषक. पोट सुटलेलं, घरात आधीच दोन बायका. वुराओलाची इच्छा एकच होती, आणि ती तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. पोरीनं शिकून मास्तरीण व्हावं, न हलणाऱ्या छपराखाली निजावं, आणि नवऱ्यानं तिला तिच्या गळ्यासाठी करू नये. एवढंच. फार मागत होती का बाई?

ती रडली नाही, भांडली नाही. भांडून म्हाताऱ्यापुढे कुणाचं चाललं होतं? तिनं सौदा मांडला.

"तुम्हाला राणीच हवी ना, कोलाचे बाबा? मी आणून देते. मी तयार करते. पोरीला ओंडोच्या अध्यापिका शाळेत जाऊ द्या."

"आणि तुझी ती राणी पळून गेली म्हणजे?"

"मग लग्न करा तिच्याशी."

म्हाताऱ्यानं तोंडातलं दातवण काढलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. बायका सवतीच्या नावानं बोटं मोडतात, आणि ही आपल्या हातानं आणायला निघालेली. त्याला काय, त्याच्या दोन्ही हातांत फळ येत होतं. तो हो म्हणाला.

मोसून इकिरेच्या लॉरी अड्ड्यावर तळलेली केळी विकायची. तिची हाळी सगळ्या इंजिनांच्या वर ऐकू जायची. वुराओलानं तिच्या आईशी बोलणं केलं आणि मुलीला घेऊन आली. पण आता खरी अडचण होती ती असाकेची. शाळेत जायचं नाही, राणी मीच होणार, असं तिनं डोक्यातच घेतलं होतं. दोसूचं कानावर आलं तर हसून म्हणाली, करीन की त्याच्याशी लग्न, त्यात काय एवढं. गाण्यापायी ही पोर विहिरीतही उडी घेईल, हे आईला दिसत होतं. तिला खरं कारण सांगावं तर ती ऐकणार नाही. मग काय करायचं?

तालमीच्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर दोघींना गायला लावलं. मोसूनचं बरं झालं. असाके गायली आणि ढोलवाल्यांनी आपणहून हात आवरले. अडेगोरोयेचं मन पालटतंय हे वुराओलाला स्पष्ट दिसलं. तो तोंड उघडायच्या आत ती बोलली.

"तुझ्या आवाजात दम नाही, बाई. परसात कपडे धुताना ठीक आहे. लोकांपुढे आमचं हसं करू नकोस."

असाकेनं आईकडे पाहिलं. मग रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला आणि बाहेर गेली. दोसू फिदीफिदी हसला. मंडळीतल्या कानवाल्या माणसांना कळलं की हे खोटं आहे, पण आई होऊन असं म्हणते म्हटल्यावर मध्ये कोण पडणार? एवढ्या माणसांत हसं झाल्यावर म्हाताऱ्यालाही मूळ सौदाच बरा वाटला. आठवडाभरात असाके ओंडोला गेली. लॉरीत बसताना ती आईशी एक शब्द बोलली नाही. वुराओलाचा जीव तीळतीळ तुटत होता, पण मनात म्हणत होती, रुसू दे, मास्तरीण झाली की कळेल.

म्हाताऱ्याशी मोसूनचं लग्न मार्चमध्ये लागलं. नवी नवरी दारात आली की घरातल्या बायकांनी तिचे पाय धुवायचे, मग तिनं उंबरा ओलांडायचा. कोलाची आई गुडघेदुखीचं निमित्त सांगून आतच बसली. वुराओलानं पोकळ भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेतलं आणि मोसूनचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट. शेजारणी म्हणाल्या, काय मनाची बाई आहे. मनाची कसली, डोंबल. तिनं किंमत मोजली होती आणि माल ओंडोला पोचवला होता.

ईस्टरपर्यंत मोसून राणी झाली. लॉरीच्या अंगावर इतकी वर्षं वुराओलाचा चेहरा रंगवलेला होता, त्यावर रंगाऱ्यानं मोसूनचा चेहरा चढवला. कानातले डूल तेवढे जुनेच ठेवले, रंग वाचवायला. ड्रायव्हरशेजारची राणीची जागा मोसूनची झाली आणि वुराओला मागे कपड्यांच्या पेट्यांवर बसू लागली. मोसूनला ती उच्चार शिकवायची, डोक्याचा रुमाल बांधून द्यायची, आणि पोरगी एखादी ओळ चुकली की पडद्याआडून हळूच पुरवायची. पोरगी वाईट नव्हती. "आई, तुम्ही जेवलात का?" असं रोज विचारायची. त्याचाच जास्त राग यायचा.

पावसाळ्यात रस्ते चिखलात गेले, खेळ बंद झाले. मंडळी घरी बसून गारी, म्हणजे कंदाचं भाजलेलं पीठ, भिजवून खात होती आणि एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होती. वुराओला मात्र खुशीत होती. पाणी भरायला गेली की शेजारणींना ऐकवायची, आमची पोर खडूनं फळ्यावर लिहिते म्हणे. असाकेकडून काही निरोप नव्हता. पण रुसलेली लेक निरोप धाडत नाही, यात नवल ते काय?

निरोप आला तो सप्टेंबरात, आणि तो ओंडोच्या शाळेकडून आला. लायेनीच्या मंडळीनं शाळेच्या हॉलमध्ये खेळ केला होता. खेळ संपल्यावर असाके त्याच्यापुढे उभी राहिली आणि राणीचं गाणं म्हणून दाखवलं. लॉरी सुटली तेव्हा ती लॉरीत होती. लायेनी म्हणजे अडेगोरोयेचा जुना वैरी. वयानं त्याच्याच बरोबरीचा, आणि त्याच्या मंडळीत रीत तीच. महिन्याच्या आत असाके त्याची पाचवी बायको झाली.

म्हातारा तीन दिवस घरात आदळआपट करत होता. पण ओरडत काय होता, तर लायेनीनं माझा आवाज चोरला! लेक गेली असं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. वुराओला परसात कपडे धुवायच्या दगडावर बसून राहिली. कोलाच्या आईनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाढून आणून दिलं.

नाताळात कोको पिकवणाऱ्या गावांत पैसा खुळखुळतो, सगळ्या मंडळ्या तिकडेच धावतात. इकिरुनमध्ये दोन लॉऱ्या एकाच दिवशी आल्या. आमची टाउन हॉलला, लायेनीची समोरच्या मिशनच्या शाळेत. लायेनीच्या लॉरीवर असाकेचा चेहरा होता. वुराओला दुपारीच तिकडे गेली. असाके मोठ्या पातेल्याखाली लाकडं सारत होती. धाकट्या बायकोचं काम तेच. तिनं गुडघे टेकले, उठली, आणि आईला बसायलाही न सांगता म्हणाली,

"आवाजात दम नाही म्हणालीस ना? रात्री येऊन बघ, लोक भिंतीवर चढून बसतात."

"दम होता," वुराओला म्हणाली. "पहिल्यापासून होता. तुझ्या बाबांनी तुला दोसूला द्यायचं ठरवलं होतं, तुला ठाऊकच होतं. ह्या धंद्यातून सुटावीस म्हणून खोटं बोलले मी."

असाकेच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

"दोसूकडे दिली असतीस तर निदान तुझ्या अंगणात असते," ती म्हणाली. "तुझ्या त्या शब्दापायी मी ह्या म्हाताऱ्याच्या घरात आले, आई. तुला दाखवायला. त्या केळीवालीचे पाय तू धुतलेस म्हणे. माझे कोणी धुतले नाहीत. पळून आलेलीचे धुतात का?"

आतून कुणीतरी नव्या नवरीला पाणी आणायला हाक मारली. असाकेनं बादली उचलली आणि गेली. वुराओला परत आली.

मोसूनला दिवस गेले होते, त्या दिवशी तिला उभंही राहवेना. म्हाताऱ्यानं वुराओलाला राणीचे कपडे दिले आणि वर म्हणाला, आपली पोरगी असती तर ही वेळ आली नसती. तिनं पोशाख चढवला आणि उभी राहिली. वरची ओळ आली, आवाज फाटला. रस्त्यापलीकडून लायेनीच्या कर्ण्यातून तीच ओळ येत होती, घंटेसारखी स्वच्छ. हॉलमधून कुणीतरी ओरडलं,

"अहो राणीसाहेब, घरी जाऊन निजा! खरी राणी समोर गातेय, तिकडं जातो आम्ही."

सगळे हसले. वुराओला गायची थांबली. ढोलही थांबले. ती पुढे आली, राजवाड्याच्या पुठ्ठ्याच्या भिंतीच्या पुढे, आणि जे पोटात होतं तेच बोलली.

"ती माझी लेक आहे. तिच्या गळ्यात दम नाही असं मी चारचौघांत म्हटलं, आणि ती गेली. तुम्ही तिकडं जाल ना, तर एवढं सांगा तिला, आई खोटं बोलली, पण आई आहे."

पुढच्या बाकावरून एक टाळी पडली आणि पाठोपाठ सगळा हॉल दणाणला. बायका डोळे पुसत होत्या, माणसं बाकांवर चढली होती. निघालेले लोक परत येऊन बसले. राणीनं हे नवं काय काढलं, वा, म्हणून एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

पडदा पडल्यावर अडेगोरोये घाम पुसत आला. एवढा खूश तो वर्षभरात झाला नव्हता.

"लेकीचं ते बोललीस ना," तो म्हणाला, "ते उद्यापासून ठेव. फक्त जरा सावकाश म्हण, मागं शब्द कळत नाहीत."